डोंगरउतारावरची वीतभर काळी माती : तिची खोली, तिच्या भेगा, तिच्याखालचा मुरूम

कऱ्हाकाठ

"काळी माती आहे, काहीही लावा, येईल." पुरंदरच्या पूर्व भागात किंवा बारामतीच्या जिरायती पट्ट्यात जमीन बघायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. माती काळी असते हे खरंच. पण नदीकाठची पुरुषभर खोल काळी आणि डोंगराच्या अंगावरची वीतभर काळी यांचं वागणं पार वेगळं आहे. सल्ला मात्र दोघींना एकच दिला जातो आणि त्यात डोंगराकडेचा माणूस बुडतो. म्हणून हा धागा फक्त त्या वीतभर मातीसाठी.

जमीन कुठली म्हणतोय ते आधी सांगतो. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतले उतार. पुरंदर, बारामती, दौंड, माण, खटाव, आटपाडी, पारनेर, कर्जत, जामखेड आणि पुढे बालाघाटच्या रांगा. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. खाली सगळीकडे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा पसरत गेला, एका थरावर दुसरा असा. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो शिल्लक आहे. शंकूसारखा ज्वालामुखी इथे शोधू नका, आपले डोंगर म्हणजे या थरांची झीज होऊन उरलेले भाग आहेत.

ही थरांची रचना समजली की माती कुठे किती हे लांबूनही ओळखता येतं. लाव्हाच्या एका थरात खालचा भाग घट्ट, टणक असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिलेले असतात आणि त्या पोकळ्यांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी पांढरट खनिजं भरलेली असतात. घट्ट भाग सहज झिजत नाही, त्याचे कडे होतात. पोकळ्यांचा भाग लवकर कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे डोंगराला पायरी पडते. माती टिकते ती या पायरीवर. दोन थरांमध्ये कुठे कुठे विटकरी लाल पट्टा दिसतो, तोही लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी पावसाळ्यानंतर पाझर त्याच पातळीवर फुटतात.

आता माती चिकण का? बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाचा मारा इतका की हे सगळं धुऊन जातं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं आणि जांभा होतो. पूर्वेकडच्या कोरड्या हवेत धुऊन नेण्याइतकं पाणीच नसतं. सिलिका आणि मॅग्नेशियम जागेवर राहतात आणि त्यातून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती तयार होते. तिचे कण पातळ पापुद्र्यांचे, पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरतं. भिजली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी माती ती हीच. खडक एकच, पण शंभरेक किलोमीटरच्या अंतरात पावसाने त्याच्या दोन अगदी वेगळ्या जमिनी केल्या.

काळा रंग म्हणजे सेंद्रिय पदार्थ भरपूर, हा गैरसमज मात्र डोक्यातून काढायला हवा. या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघतो. जो थोडा आहे तो चिकणमातीला घट्ट चिकटलेला असतो, शिवाय खडकातून आलेली काळपट लोहखनिजं असतात. रंग त्यांचा.

आणि उथळ का? कारण उतारावर पाणी मुरण्याऐवजी पळतं. खडक कुजायला ओल टिकावी लागते, ती टिकत नाही. जी काही माती तयार होते ती पुढच्या वळवात खाली जाते. त्यामुळे एकाच डोंगरावर माथ्याला बरड, त्याखाली वीत-दीड वीत चिकण माती, पायथ्याला हातभर आणि ओढ्याकाठी पुरुषभर अशी उतरंड लागते. क्षारसुद्धा याच वाटेने खाली जातात, म्हणून चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली जमीन तळात भेटते, उतारावर सहसा नाही. मृदाशास्त्राच्या वर्गीकरणात खोल काळी म्हणजे व्हर्टिसॉल, मधली इन्सेप्टिसॉल आणि माथ्याकडची एन्टिसॉल. व्हर्टिसॉल म्हणायला निदान अर्धा मीटर खोलीपर्यंत तीस टक्क्यांहून जास्त चिकणमाती, भेगा आणि आत एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले तिरपे पृष्ठभाग लागतात. आपल्या उतारावरच्या मातीत चिकण तेवढीच असते, पण घासायला खोलीच नसते.

एक खड्डा डोळ्यांसमोर आणा. मे महिना, हलका उतार, वर कुसळी वाळलेली. पहिली चार बोटं माती भुसभुशीत, ज्वारीच्या दाण्याएवढे कण, त्यात खडे. त्याखाली माती ढेकळांत फुटते. ढेकळांच्या कडा धारदार, आणि दोन ढेकळांच्या मधे गवताची मुळं चेपून चपटी झालेली. उचकटून बघितलं तर मुळाचा ठसा ढेकळावर उमटलेला दिसतो. दगड उलटा केला की त्याच्या खालच्या अंगाला पांढरा चुना धरलेला, वरचं अंग स्वच्छ. सुमारे तीस सेंटिमीटरवर टिकाव वाजतो. पण तो खडक नसतो. तो मुरूम, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा गोल गोल सुटणारा, आणि त्याच्या फटींतून काळी माती जिभेसारखी आणखी वीतभर खाली गेलेली असते. त्या जिभांच्या टोकापर्यंत मुळं पोचलेली असतात. माती किती खोल हे विचारताना त्या मुळांनाही मोजलं पाहिजे.

आता हिशेब. काळ्या मातीत पिकाला उपलब्ध होणारी ओल साधारण एक सेंटिमीटर खोलीला दीड ते दोन मिलिमीटर. तीस सेंटिमीटर मातीत म्हणजे ४५ ते ६० मिलिमीटर. त्यात पाचवा हिस्सा दगड असले तर ३६ ते ४८. भर वाढीतलं पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतं. म्हणजे भरगच्च पाऊस होऊन माती तुडुंब भरली तरी सात ते बारा दिवसांत ती रिकामी होते. शेजारच्या खोल काळीत मीटरभर मातीत याच्या तिपटीहून जास्त पाणी साठतं, आणि त्यावर रब्बीची ज्वारी एकही पाऊस न पडता निघते. म्हणून मी म्हणतो की या जमिनीत सुपीकता हा नंतरचा प्रश्न. पहिला प्रश्न खोलीचा.

भेगांचं वागणंही निराळं. खोल काळीत भेग खाली खाली जाते आणि मातीतच संपते. इथे ती थेट मुरमाला भिडते. पहिल्या वळवाचं पाणी या भेगांतून मुरमात उतरतं. हे पाणी वाया गेलं असं समजू नका, फटींतली ओल पुढे झाडांनाच मिळते. पण दोन-तीन पावसांत माती फुगली, भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर येतो. सप्टेंबरचा जोरदार पाऊस मग पृष्ठभागावरूनच पळतो आणि माती घेऊन जातो. एकाच हंगामात आधी तहान, मग चार दिवस दलदल, मग पुन्हा तहान. वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य अशी ओल, तीही फार थोडा वेळ टिकते. आज पाय काढवत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फाळ शिरत नाही.

अन्नद्रव्यांबद्दल थोडक्यात. सामू (पीएच) साडेसात ते साडेआठ, चुना मोकळा. कॅल्शियम, मॅग्नेशियम ढीगभर, पालाश बहुतेक ठिकाणी पुरेसा, नत्र कमी. स्फुरद टाकलं तरी चुन्यात अडकतं. जस्त आणि लोह कमी पडतं, पानं शिरांमधे पिवळी होतात, ज्याला आपण केवडा म्हणतो.

तुमच्या भागातली अशी जमीन कशी वागते ते लिहा. वाद घालायलाही हरकत नाही.

माणदेशी

भाऊ, मनातलं लिहिलंत. आमच्याकडं माणमधी अशा रानाला हलकं रान म्हणत्यात, पण हलकं म्हंजे वाईट न्हवं. ज्येला त्येचा सभाव ठावं हाय त्यो उपाशी राहत न्हाई. बाजरी, मटकी, हुलगा, कारळं. हुलग्याला तर पाऊस न्हाई पडला तर दंवावर येतो असं आमचं म्हातारं म्हणायचं. एकरी उतारा कमी, पण बुडत न्हाई.

तुमी भेगांचं लिहिलं त्यात एक जोडतो. आमी ज्वारीला कोळपणी करतो ती तणासाठी कमी आन् भेगांसाठी जास्त. तिसऱ्या आठवड्याला फटीचं कोळपं, पाचव्याला पासेचं, आठव्याला दातेरी. दातेरी कोळप्यानं वरची माती मोकळी होऊन भेगंत पडती, भेग बुजती, ओल अडती. एक कोळपणी म्हंजे अर्धं पाणी, हे काय उगं न्हाई म्हणत. आता मजूर मिळंना म्हून लोकं कोळपणी सोडाय लागलीत आन् मग म्हणत्यात ज्वारी वाळली.

शेतघर_२

नमस्कार. आम्ही दोघं नोकरी करतो, पुण्यात असतो. सासवडच्या पुढे उतारावरची दोन एकर जमीन घेतली आहे. मातीचा अहवाल आला, त्यात सामू ८.१, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश जास्त वगैरे आहे. दलाल म्हणाले काळी माती आहे, आंबा लावा. जेसीबीने उतार सपाट करून घ्यायचाही विचार आहे. वरचा लेख वाचून आता धास्ती वाटते. काय करावं?

कऱ्हाकाठ

@शेतघर_२, जेसीबी थांबवा. एवढं एक काम आज करा.

उतारावर वीतभर माती असताना सपाटीकरण केलं की वरच्या बाजूची सगळी माती खालच्या बाजूला जाते. अर्ध्या रानात उघडा मुरूम आणि अर्ध्या रानात भराव अशी स्थिती होते. जी माती तयार व्हायला हजारो वर्षं लागली ती एका दिवसात गाडली जाते. सपाट करायचंच असेल तर वरची माती आधी एका बाजूला ओढून ठेवायची, खालचा मुरूम सारखा करायचा आणि माती पुन्हा पसरायची. खर्च वाढतो म्हणून हे कोणी करत नाही. त्यापेक्षा उताराला आडवे बांध घाला, नांगरट आणि पेरणीही उताराला आडवीच. दरवर्षीच्या आडव्या मशागतीने बांधाच्या वरच्या अंगाला माती आपोआप साठत जाते.

अहवाल चुकीचा नाही, पण त्यात खोली लिहिलेली नसते. तुम्ही स्वतः चार ठिकाणी खड्डे घ्या. वरच्या कडेला, मधे, खालच्या कडेला आणि जिथे गवत सर्वांत हिरवं राहतं तिथे. मीटरभर खोल. टिकाव कुठे वाजतो ते बघा आणि तिथे थांबू नका, मुरूम फोडून बघा. हाताने चुरतो का, पहारीने निघतो का, की ठिणगी उडते? हाताने चुरणारा मुरूम पाणी धरतो आणि मुळांना वाट देतो. अखंड काळा पाषाण लागला तर तिथे झाड लावू नका. मग खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी तसंच असेल तर त्या जागी पावसाळ्यात मुळं कुजतील.

चुना किती हे घरीही कळतं. ढेकळावर लिंबू पिळा, फसफसलं तर मोकळा चुना आहे. फार जोरात फसफसलं तर लिंबूवर्गीय झाडं टाळा.

आंब्याचं उत्तर खड्डे बघितल्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. पण तुमच्याच तालुक्यात अशाच उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या काय टिकलंय ते बघा ना. सीताफळ आणि अंजीर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हीच निचऱ्याची मुरमाड जमीन आहे. सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळून बसतं आणि पावसाबरोबर फुटतं. या मातीच्या पाण्याचं वेळापत्रक आणि त्या झाडाचं वेळापत्रक जुळतं. बालाघाटात तर ते आपोआप उगवतं, बीडच्या सीताफळालाही त्याच वर्षी मानांकन मिळालं आहे.

डाळिंबवाला_आटपाडी

सीताफळाबरोबर डाळिंबही घ्या यादीत. आमच्याकडे आणि सांगोल्याकडे डाळिंब आलं ते याच माळांवर. भारी काळ्या जमिनीत ज्यांनी लावलं त्यांच्या बागा मर रोगाने बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. भारी जमिनीत ओल हटत नाही, झाडाला ताण बसत नाही, बहार एकसारखा फुटत नाही. आमच्या मुरमाड रानात पाणी तोडलं की पानगळ लवकर होते.

पण त्याची दुसरी बाजूही सांगायला पाहिजे. ठिबक एक दिवस बंद पडलं तर भारी जमिनीतल्या शेतकऱ्याला कळत नाही, आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी झाडावर दिसतं. या जमिनीत पाणी थोडं थोडं आणि वारंवार द्यावं लागतं. एकदम जास्त दिलं की ते मुरमातून खाली जातं आणि बरोबर खतही जातं. शेततळं नसेल तर अशा माळावर फळबाग म्हणजे मोठा धोका आहे, हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही.

गाळपेरा

सर्व चर्चेत एक साधा उपाय राहून गेला. खोली कमी आहे ना, मग वाढवा. तलावातला गाळ टाका. सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना २०१७ पासून आहे. आमच्या भावकीत चार जणांनी माळावर गाळ भरला आणि आता तिथे कांदा निघतो.

कऱ्हाकाठ

@गाळपेरा, गाळाला माझा विरोध नाही, पण आकडे समोर ठेवूया. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. दहा सेंटिमीटरचा थर द्यायचा तर चारशे घनमीटर गाळ लागतो. ट्रॅक्टरची शंभर घनफुटांची ट्रॉली धरली तर एकशे चाळीसच्या वर ट्रॉल्या. तलाव गावातच असेल तर जमतं, आठ-दहा किलोमीटरवर असेल तर डिझेलच जमीन खाऊन जातं.

दुसरं, गाळ म्हणजे बहुतेक तीच बारीक चिकणमाती, जी याच डोंगरांवरून वाहून गेली. ती मुरमावर नुसती पसरली की दोन थर वेगळेच राहतात. वरचा थर फुगतो, पाणी खाली सोडत नाही, वाळला की त्याच्या फरश्या होतात आणि उतारावरून पहिल्या मोठ्या पावसात तो परत तलावात जातो. म्हणून आधी बांध, मग गाळ. आणि गाळ मुरमात मिसळला पाहिजे. बारामती तालुक्यात माळेगावला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली ती अशाच उजाड माळावर. तिथे मुरमात खड्डे आणि चर काढून, निघालेला मुरूम आणि काळी माती एकत्र करून फळझाडं लावायचे प्रयोग झाले. नुसत्या काळ्या मातीपेक्षा अशा मिश्रणाचा फायदा उघड आहे. माती पाणी धरते, मुरूम हवा आणि निचरा देतो. फळबागेला सगळं रान भरायची गरजच नाही, झाडाच्या ओळीचा चर भरला की पुरे. तुमच्या भावकीत कांदा निघाला कारण त्यांचं रान बहुधा पायथ्याचं, सपाट असणार. खरं ना?

गाळपेरा

हो, ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे, सपाटच म्हणा. उताराचं मी धरलं नव्हतं. मिसळायचा मुद्दा पटला.

तरवड

इथपर्यंत सगळी चर्चा पीक आणि फळबागेची झाली. मला या मातीच्या मूळ रहिवाशांबद्दल बोलायचं आहे.

वीतभर चिकण माती, पाचशे मिलिमीटर पाऊस, आठ महिने कोरडे. या परिस्थितीत निसर्गाने हजारो वर्षांत जे उत्तर काढलं ते गवत आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, डोंगरी गवत. गवताची बारीक मुळं वरच्या वीतभर मातीत दाट जाळं करतात, पावसात झटपट वाढतात, बी टाकतात आणि वाळून जातात. माती फुगो वा आकसो, त्यांचं काही बिघडत नाही. झाडांत म्हणाल तर हिवर, खैर, बोर, बाभूळ, आणि तरवडासारखी झुडपं, तीही विरळ, मुरमात जिथे फट सापडली तिथे. हे माळ ओसाड नाहीत. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत ते याच गवतावर. सोलापूरजवळ नान्नजला माळढोक होता तो याच गवतामुळे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, सगळी माळाचीच प्रजा.

आणि आपण काय करतो? दर पावसाळ्यात या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प नाहीतर अशीच कुठलीतरी परकी झाडं दाटीवाटीने लावतो. खड्डा खणताना गवताचं जाळं तुटतं, मुरूम वर येतो, झाडं बरीचशी मे महिन्यापर्यंत मरतात आणि माती उघडी पडते. जी थोडी जगतात त्यांच्या सावलीत गवत जातं. मला मनापासून वाटतं की या मातीवर झाड लावणं म्हणजे पुण्य, हा विचार आपण थांबवला पाहिजे. कुठल्या उतारावर झाडं, कुठल्यावर फक्त गवत, हे मातीच्या खोलीवरून ठरवा.

पाणलोट_पारनेर

तरवड ताई, तुमची कळकळ समजते, पण गवत राखा एवढ्याने आमची गावं उभी राहिली नसती. १९७२च्या दुष्काळात आमच्या बापजाद्यांनी खडी फोडली आहे. पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखे यांनी देवस्थानची उजाड माळजमीन घेऊन तिथे पाणी अडवून दाखवलं, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नगरजवळ हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या पुढाकाराने डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर झाले. चर नसता तर पाणी मुरलंच नसतं.

या चर्चेला धरून तांत्रिक मुद्दा हा की भेगा मिटल्यावर ही माती पाणी आत घेत नाही, हे वर लिहिलंच आहे. चर मातीला भेदून मुरमापर्यंत जातो. पाणी चिकणमातीच्या वाटेला न जाता सरळ मुरमात उतरतं. उथळ मातीच्या डोंगरावर चर इतका चांगला चालतो याचं कारण मातीचं उथळ असणं हेच आहे.

तरवड

@पाणलोट_पारनेर, हिवरे बाजारचंच उदाहरण घेऊ. तिथे चर झाले आणि त्याबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही झाली. गवत कापून न्यायचं, जनावरं सोडायची नाहीत. डोंगर गवताने झाकला, दूध वाढलं. चराचं श्रेय देताना हे दुसरं काम लोक विसरतात. चराईबंदी नसती तर दोन पावसाळ्यांत चर मातीने भरले असते.

चराला माझा सरसकट विरोध नाही. जिथे माळावर अजून चांगलं गवत आहे तिथे ते चिरून चर काढू नयेत. जिथे माती आधीच गेली आहे, उघडा मुरूम आहे, तिथे जरूर काढावेत. चरावरच्या मातीच्या भरावावर पवन्या, मारवेलचं बी टाकावं.

पाणलोट_पारनेर

हे मान्य. भरावावर गवताचं बी हा मुद्दा आमच्या पुढच्या कामात घालतो. बी कुठे मिळेल?

तरवड

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चारा पिकांवर काम चालतं, तिथे चौकशी करा. पण सर्वांत चांगलं बी तुमच्याच तालुक्यातल्या राखलेल्या कुरणातलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत पक्व झालं की कापणीआधी ओंब्या हाताने ओरबाडून घ्या. ताजं बी सहसा लगेच उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवा.

पायाभरणी

मी बांधकामातला. @शेतघर_२, शेतघर बांधणार असाल तर दोन गोष्टी. तुमच्या जमिनीत पायाची खोदाई उथळ माती पूर्ण काढून पक्क्या मुरमात न्यावी लागते आणि ती लवकर लागते, हा तुमचा फायदा. नदीकाठच्या काळीत लोकांना यासाठी खूप खोल जावं लागतं. दुसरी गोष्ट, खोदून निघालेली काळी माती जोत्यात भरू देऊ नका. गवंडी म्हणेल माल इथेच पडलाय, भरून टाकू. ती पावसात फुगेल आणि फरशी उचलेल. जोत्यात मुरूमच भरा आणि काळी माती झाडांच्या चरासाठी ठेवा. उतारावर अर्धं घर खोदाईवर आणि अर्धं भरावावर असं मात्र करू नका. वरच्या बाजूने येणारा पाझर घरामागे चर काढून बाजूला न्या.

समुद्रापार

मी काही काळ मॉरिशसमध्ये मराठी शिकवत होते. तेही बेसाल्टचंच बेट. मधला पठारी भाग पावसाचा, तिथली माती तांबूस, मोकळी. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला, कोरडा, आणि तिथे काही ठिकाणी गडद, चिकट, भेगाळणारी माती दिसते. उसाच्या शेतांत वेचून काढलेल्या काळ्या दगडांचे मोठाले ढीग असतात. तेव्हा ते पाहून देशावरचीच आठवण व्हायची. वरचं कोकण आणि माणदेशाचं स्पष्टीकरण वाचून त्या बेटाचाही उलगडा झाला.

माणदेशी

रब्बीला कोणती ज्वारी घ्यावी त्ये कुणीच लिवलं न्हाई. नवीन माणसं मालदांडी उचलत्यात आन् उथळ रानात फसत्यात. मालदांडीला रान मध्यम तरी पायजे. तीस सेंटिमीटरपतूर माती असंल तर राहुरीची फुले अनुराधा न्हाईतर फुले माउली. आन् पेरणी सप्टेंबरच्या मधल्या पंधरवड्यात उरकायची, ऑक्टोबर उजाडू द्यायचा न्हाई. उथळ रानातली ओल थांबत न्हाई कुणासाठी.

कऱ्हाकाठ

माणदेशी दादांचं शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचं संशोधन १९२३ मध्ये मांजरीला सुरू झालं, १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र आलं. एवढ्या वर्षांच्या कामातून जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण ही शिफारस आली आहे आणि तरीही दुकानात बियाणं घेताना खोली कोणी विचारत नाही, शेतकरी सांगत नाही. खरिपातही हेच. एवढ्याशा मातीत नुसती तूर धरू नका, तिची मुळं मुरमापर्यंत पोचेपर्यंत पाऊस गेलेला असतो. बाजरीच्या दोन ओळींना तुरीची एक अशी पेरणी केली तर पावसाने दगा दिला तरी बाजरी पदरात पडते, आणि उशिरा पाऊस झाला तर तूर.

तरवड ताईंच्या मुद्द्यालाही माझं अनुमोदन. माझ्या अनुभवात गवताखाली राहिलेल्या उतारावरची माती आणि शेजारच्या नांगरलेल्या उतारावरची माती हातात घेतली की फरक लगेच कळतो. पहिली कणीदार, दुसरी एकतर चिखल नाहीतर ढेकूळ. वीस सेंटिमीटरच्या आत मुरूम लागत असेल आणि उतार मोठा असेल तर तो तुकडा नांगरू नये, कुरण म्हणूनच राखावा असं मी सगळ्यांना सांगतो. चारा विकूनही पैसे होतात.

शेतघर_२

सर्वांचे आभार. जेसीबी रद्द केला. शेजारच्या काकांना घेऊन चार खड्डे घेतले. वरच्या कडेला माती एक वीतही नाही, खाली लगेच घट्ट दगड. मधे साधारण फूटभर माती, खाली मुरूम, हाताने चुरतो, पांढरे खडे आहेत. खालच्या कडेला कमरेएवढं खणलं तरी मातीच. चौथ्या खड्ड्यात, हिरव्या गवताच्या जागी, पाणी दुसऱ्या दिवशी तसंच होतं आणि भिंतीतून बारीक पाझर दिसतो, लाल मातीच्या पट्ट्यातून.

कऱ्हाकाठ

मग तुमची आखणी तुमच्या खड्ड्यांनीच केली. वरची कड गवताला सोडा, तिथे काहीही खणू नका. मधल्या पट्ट्यात चर काढून, मुरूम आणि माती मिसळून सीताफळ. पांढऱ्या खड्यांवर लिंबू पिळून बघा, फसफसले तर चुना, नाही तर खडकातलं झिओलाइट, त्याची काळजी नको. खालच्या कडेला आंबा चालेल, पण आधी पावसाळ्यात तिथे पाणी किती दिवस साचतं ते एक हंगाम बघा.

लाल पट्ट्याचा पाझर सापडला ही मोठी गोष्ट आहे. त्या जागेवर झाड नको, घरही नको. पुढच्या मार्चमध्ये तो अजून ओला आहे का हे बघून इथे लिहा. ओला असेल तर तिथे छोटी टाकी बांधून रोपांपुरतं पाणी मिळेल का, ते @पाणलोट_पारनेर नीट सांगू शकतील.